झाडू पोचेपर्यंत

— नाही साहेब, तो झाडू काढायचा नाही. टपावर बांधलेला आहे तो शोभेला नाही, लांबून दिसायला आहे. तुम्ही घाटाच्या पायथ्याला गाडीत चढलात, म्हणून सांगतो. ही झाडूगाडी. पाच दिवसांची शर्यत, पाचही दिवस आपण सगळ्यांच्या मागं. ज्याच्यानं सायकल पुढं रेटवत नाही त्याला उचलायचं, पाठीवरचा नंबर सोडवून घ्यायचा, सायकल वर टाकायची, संपलं. आजचा चौथा दिवस. तुमच्या बाजूचं दार दोनदा ओढा, एकदात लागत नाही ते — हां, बसलं.

शर्यतीच्या मंडळानं तुम्हाला पाठवलंय, घड्याळ घेऊन. पाठवू दे की. तक्रार आली असेल कुणाची तरी, की शेवटच्या माणसांचे आकडे वहीत काही बसत नाहीत. कुणी केली ते मी विचारत नाही. अकरा वर्षं चालवतोय ही गाडी, अजून मंडळाचं कुणी शेजारी येऊन बसलं नव्हतं. बरं वाटलं. नाहीतर बोलायला मागं बसलेलेच असतात, आणि ते बोलत नाहीत.

तो पुढं दिसतोय ना, उजवा खांदा पाडून चाललाय — एकशे चोपन्न. शेवटचा. त्याला सगळे पाणक्या म्हणतात. का म्हणजे, पाणी वाहतो म्हणून. सातजणांचा संघ, त्यातला एक जिंकणारा, बाकीचे सहा त्याला जिंकवणारे. हा सहांतला सहावा. मागं येऊन संघाच्या गाडीतून बाटल्या घ्यायच्या, चार पोटाशी, पाच पाठीला, सदऱ्यात कोंबून, आणि पुन्हा पुढं गाठायचं सगळ्यांना. बाळंत व्हायला आलेल्या बाईसारखा दिसतो तेव्हा. लोक हसतात रस्त्याकडेचे. हसू देत, तोही हसतो.

आज काय झालं, तुम्ही पुढच्या गाड्यांत होतात, तुम्हाला दिसलं नसेल. जिंकणाऱ्याचं पुढचं चाक बसलं, पंक्चर. यानं उतरून आपलं चाक काढून दिलं. द्यावंच लागतं, त्यासाठीच असतात ते. तो गेला निघून, आणि हा एका चाकाची सायकल धरून उभा, पाय मोडलेली खुर्ची धरावी तसा. संघाची गाडी आली, हात हलवला, गेली पुढं — जिंकणाऱ्याला तहान लागली होती म्हणे. परत फिरून चाक द्यायला सतरा मिनिटं लागली. मी मागं थांबलो होतो, मोजली मी. मला घड्याळ वाचता येतं, साहेब, बाकी फार काही येत नाही.

आणि मगाशी रेडिओवर ऐकलंत ना, पहिला कोण आला? तोच. माइकवर म्हणाला, हा विजय माझ्या एकट्याचा नाही. खरंय. एक चाक याचं आहे.

आता नियम तुम्हीच केलेला, तुम्हाला मी काय सांगणार. पहिला पोचल्यावर चाळीस मिनिटं. तेवढ्यात जो आला नाही तो बाद. म्हणजे तो जितका लवकर पोचला तितकी याची वेळ आटली, आणि पोचला कुणाच्या चाकावर — असू दे. मी नियमाला नाव ठेवत नाही. नियम चांगलाच असणार, कोट घातलेल्या माणसांनी केलाय.

किती राहिली? सहा मिनिटं. आणि रस्ता दोन किलोमीटर, सगळा चढ. हं. त्याला त्यावर आणखी दहा लागतील. बारा म्हणा.

बाद झाला तर उद्याचं शेवटचं धावणं नाही, आणि पाच दिवस पुरे न करणाऱ्याला संघ पुढच्या वर्षी घेत नाही. लिहिलेलंच असतं त्यांच्या कागदावर. तिसावं चालू आहे त्याला, दुसरा कोण घेणार? हे त्यानंच सांगितलं मला, काल, सायकल पुसताना. रडगाणं नव्हतं हो. आपण म्हणतो ना, उद्या पाऊस येईलसं वाटतंय, तसं सांगितलं.

रस्ता बघा कसा लोण्यासारखा झालाय. परवा डांबर टाकलं. मंत्री बसतात त्या मांडवापर्यंतच आहे, पुढं खड्डे आहेत तसेच. आणि हे गतिरोधक उखडलेत, ते पुढच्या आठवड्यात परत घालतील. शाळेतल्या पोरांनी तोवर जपून राहायचं.

मला काय म्हणायचं होतं — हां, गाडी. ही गाडी चढाला तापते, साहेब. आताच सांगून ठेवतो. पुढचं ते पिवळ्या भिंतीचं वळण आलं की तापते. दरवर्षी. जुनी गाडी, काय करणार — रेडिएटर नवा आहे तसा, दोन वर्षं झाली टाकून — पण नवी वस्तूही तापतेच ना. माणसाचं नाही का तसं.

तुम्ही लिहून घेताय का? घ्या, घ्या.

आणि वर पोचायला मला उशीर झाला तर कुणाचं अडतं? पहिला आला, हार पडला, फोटो झाले, की ते मोठं घड्याळ उतरवतात, मांडववाला खुर्च्या गोळा करतो. मागं एकटा वेळ लिहिणारा बसतो, वही घेऊन. तो घड्याळ बघत नाही. झाडू बघतो. पहिल्यापासूनची रीतच आहे ती, झाडू दिसला की वही मिटायची. झाडूच्या पुढं आला तो वेळेत आला. चांगला माणूस आहे, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ — हे बोललो का मी मोठ्यानं? बोललो वाटतं.

बरं, बोललोच आहे तर सगळंच ऐका. पहिल्या वर्षी मी असा नव्हतो. काटेकोर. शेवटच्या वळणावर एकाला उचललं, तीनशे पावलं राहिली होती, वरचं तोरण दिसत होतं. वेळ संपली, मी दोनदा हॉर्न मारला, पुढं जाऊन गाडी आडवी घातली. तुम्ही बसलाय तिथंच बसला तो. नंबराचा कागद मांडीवर ठेवून घड्या घालत होता, घालायची, उलगडायची, परत घालायची. वर माझ्या दाराच्या बाजूला त्याची बायको टॉवेल घेऊन उभी, खांद्यावर मुलगी. त्यानं मला विचारलं, काका, पलीकडच्या बाजूनं उतरू का? एवढंच बोलला. तुमच्या बाजूचं ते दार तेव्हापासून दोनदा ओढावं लागतं, साहेब, कारण त्यानं ते आवाज न करता लावायला बघितलं आणि बिजागरी वाकली.

मंडळानं मला प्रमाणपत्र दिलं, अचूक वेळेबद्दल. भिंतीवर आहे घरी. बायकोनं त्याच्यावर कॅलेंडर लावलंय. म्हणाली, केर झाडावा, माणसं काय झाडायची. आणि हा झाडू तिनंच दिला, मंडळाचा टाकून. म्हणाली, हा जरा सावकाश नेत जा.

पिवळी भिंत आली. किती उरली? एक. बरं. आता तुमच्या नियमानं मी हॉर्न मारायचा. मान खाली घातलीय त्यानं, बघा, आता मागं वळून बघायचाही नाही. हॉर्न इथं आहे, हा काळा. तुम्हाला मारायचा तर मारा, मी हात धरणार नाही तुमचा.

नाही? मग मी गाडी कडेला घेतो. तापलीय. तुम्ही अधिकारी आहात, तुम्हीच उतरून बॉनेटला हात लावून बघा. थंड असली तर तसं लिहा, मी सही करतो, आणि निघू लगेच. दार दोनदा.

लावला हात?

काय? जरा मोठ्यानं.

गरम आहे. हं. बघा, मी म्हणत होतो.

मग हात तसाच ठेवू नका त्याच्यावर, साहेब. बोटांवर फुंकर मारा थोडी, वरून कुणी दुर्बिणीतून बघत असेल. हां, अशी. आता त्या दगडावर बसा, घड्याळ खिशात घाला, आणि दहा मिनिटं काही बोलू नका. बारा म्हणा.