कढत पाणी

त्वचेच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या एका शिक्षिकेला शेजारच्या बाकावरच्या बाप-लेकीचं बोलणं ऐकू येत होतं.

“बाबा, आज पुन्हा कढत पाण्यानं तोंड धुतलंत ना?”

“थंडी किती आहे गं!”

“आधीच तुमची कातडी नाजूक. त्यात टॉवेलनं खसाखसा पुसता. गालांची सालं निघालीत! मी मलम आणून दिलं होतं, त्याचं काय झालं?”

“चिकट होतं ते.”

“तीन हिवाळे कानीकपाळी ओरडतेय, डॉक्टरकडे चला. आजच कसे तयार झालात?”

“काल छकुलीचा पापा घेतला. ‘आजोबा, टोचतंय,’ म्हणाली आणि मांडीवरून उतरून गेली.”



“मग कालच सांगायचं ना मला!”

“तू ओरडली असतीस.”

“मी कधी ओरडते?”

हे ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की आतून डॉक्टरच बाहेर आले.