पियूषच्या चार मॅच

(वाडी. ट्रान्सपोर्टच्या गोदामाबाहेर, माल चढवायच्या आधीचा चहा.)

नत्थूजी : मंग चार मॅचमधीच काहून घरी पाठवलं तुले?

पियूष : सांगतलं ना बाबा. टीममध्ये दुसरा प्लेयर आला.

नत्थूजी : बापाशी खोटं नको बोलू गा. मॅच आमी मोबाइलवर पाहिली. अख्ख्या गोदामानं काम थांबवून पाहिली.

पियूष : म्हणजे तुमाले माहीत आहे.

नत्थूजी : तू बॉल मारला अन् उभाच राहिला, इतकं दिसलं. काहून, ते नाई समजलं.

पियूष : बॉल जवळच पडला. क्रिकेटमध्ये अशा बॉलवर आपण रन घेत नाई. बेसबॉलमध्ये मारला की पळाच लागते. मी तं हात दाखवून समोरच्याले 'नको, नको' म्हणून राहिलो होतो.

नत्थूजी : समोर कोण होतं?

पियूष : बॉल टाकणारा. त्यांच्याच टीमचा. हसू नका ना बाबा.

नत्थूजी : हसत नाई. चहा लागला घशात.

पियूष : देशातली पैशाची पहिली बेसबॉल लीग, अन् तिच्यात वाडीचा एकच प्लेयर. त्यानं असं केलं. ती मॅच हरलो, अन् फायनलमध्ये जायचं हुकलं आमचं.

नत्थूजी : काल तुया मायनं सांगतलं, कोच रजत सरांचे तीन फोन आले. उचलत काहून नाई?

पियूष : सोमवारी पुण्याले पुढच्या सीझनची ट्रायल आहे. थ्रो चांगला आहे म्हणते, ये म्हणते. पण सोमवारपासून मी गोदामात येईन, असा शब्द तुमी शेठले देला ना.

नत्थूजी : शेठचं मी पाहून घेईन. तुयं सांग.

पियूष : लाज वाटते बाबा. पुन्हा तसाच उभा राहिलो तं?

नत्थूजी : मी इथं लागलो तेव्हा पहिल्याच हप्त्यात अकोल्याचा सारा माल रायपूरच्या ट्रकमधी चढवला.

पियूष : हे तं कधी सांगतलं नाई तुमी.

नत्थूजी : लोकायले सांगासारखं आहे का ते? दुसऱ्या दिवशी घरून निघताना पाय उचलत नव्हता. पण आलो. अठ्ठावीस वर्षं झाले.

पियूष : थांबा. लावतो फोन.

प्रेमानंद : नत्थूजी भाऊ, गाडी लावली. या लवकर, नाई तं हॉर्न वाजवतच राहीन.

नत्थूजी : वाजवू नको गा प्रेमानंद. पोरगा सरांशी बोलून राहिला.