फडताळातली हिरवी पूड

रत्नागिरी स्टँडवर पूर्णगडच्या बसची वाट बघताना वासंतीबाईंनी पिशवीतून विणकाम काढलं खरं, पण मागच्या बाकावरच्या काका-पुतणीनं त्यांना एक टाका धड घालू दिला नाही.

"आप्पा, फडताळातली माझी हिरवी पूड कुठे गेली?"

"अगो, ते मोरचूद ना? पोफळीवर मारलं. बुरशी धरली होती मेलीला."

"मोरचूद नव्हतं, माझी पीएचडी होती ती! शिफ बेस नावाचा रेणू बनवून त्यात तांबं अडकवलं होतं. तीन वर्षं लागली. सोमवारी सरांना काय दाखवू?"

"पोफळ दाखव. बुरशी साफ गेली."

"खरंच? थांबा, पण ती पूड पाण्यात विरघळतच नाही."

"नाहीच विरघळली."

"मग फवारलीत कशात?"

"काजूच्यात."

"काजूच्या दारूत? काकूला तर सांगितलंत, बाटली ओतून टाकली!"

"ओतलीच की. पंपात."

"बरं, पण बुरशी पुडीनं गेली की दारूनं, हे कसं कळणार? नुसती दारू देऊन बघायला हवी होती."

"बघितली ना. अर्धी बाटली उरलेली. रोज संध्याकाळी थोडी थोडी, आठवडाभर. काही म्हणता काही फरक नाही."

"अय्या, आप्पा! हे प्रबंधात लिहिता येईल. कुठल्या पोफळीला दिलीत?"

"चल चल, ऊठ, बस लागली."

वासंतीबाईंनी मान वर करून बघितलं. फलाटावर एकही बस नव्हती.