आता जेवूनच जा

मामा : म्हणजे तू खरोखर गेलीस? हेडबाईंच्या घरी? फोनबिन न करता?

भाची : हो. त्यांनीच बोलावलं होतं. नवा चष्मा नेताना म्हणाल्या, ‘ये की गं एकदा घरी, आपलंच घर आहे.’ तू इथेच उभा होतास, मामा.

मामा : अगं, ते म्हणायचं असतं! मीसुद्धा येईल त्या गिऱ्हाइकाला म्हणतो. उद्या सगळी दारात उभी राहिली तर तुझी मामी मला घराबाहेर काढेल.

भाची : मग खरंच यावं असं वाटत असेल तेव्हा काय म्हणतात?

मामा : तेव्हाही हेच म्हणतात.

भाची : मग ओळखायचं कसं?

मामा : चेहऱ्यावरून! दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघतेस ना?

भाची : मी नंबर बघते. बाकी काही दिसत नाही त्यात.

मामा : हे बघ, त्या फ्रेमा नंतर पूस. आधी पहिल्यापासून सांग. सकाळी सकाळी त्यांच्या मुलाचा फोन. ‘तुमच्या भाचीने काल आमच्या घरात बाँब टाकला’ एवढं बोलून ठेवूनच दिला.

भाची : बाँब? मी फक्त संत्री नेली होती.

मामा : गेलीस कधी?

भाची : दुपारी, बाराच्या सुमाराला. सून दारात आली. म्हणाली, ‘अगंबाई, आज कशी काय वाट चुकलीस?’ मी सांगितलं, अजिबात चुकले नाही, मोबाइलवर नकाशा होता.

मामा : कप्पाळ! पुढे?

भाची : पुढे सगळे हसत बसले. मग सून घड्याळाकडे बघून म्हणाली, ‘आता जेवूनच जा.’

मामा : आणि तू उठलीस. सांग, उठलीस म्हणून.

भाची : मी जेवले.

मामा : अरे देवा!

भाची : त्यांनी आग्रह केला, मामा.

मामा : अगं, घड्याळाकडे बघून ‘आता जेवूनच जा’ म्हणजे ‘आता जा’! मधला शब्द पोकळ असतो.

भाची : आईने मला शिकवलेल्या मराठीत पोकळ शब्द नव्हते.

मामा : तुझ्या आईची मराठी! इथून परदेशी जाताना जी नेली ती तिकडे बरणीत घालून ठेवलीये तिने. परवा डोळे तपासायला आलेल्या रिक्षावाल्याला तू ‘आपण आसनस्थ व्हावे’ म्हणालीस, बिचारा तपासणी होईपर्यंत उभा होता. बरं, ते राहू दे. बाँब कुठला?

भाची : जेवताना मी विचारलं, भिंतीशी एवढी खोकी कशाला बांधून ठेवली आहेत. सून म्हणाली, जुनं सामान आहे. पण वरच्या उघड्या खोक्यात नवा कोरा मिक्सर दिसत होता. म्हणून मी म्हणाले, ‘तुम्ही घर बदलता आहात का? अभिनंदन!’

मामा : अभिनंदन!

भाची : मग हेडबाईंनी मुलाकडे बघितलं, मुलाने ताटाकडे बघितलं. मी संत्रं सोललं.

मामा : अगं, तो बायकोला घेऊन वेगळा राहायला चाललाय. आईला सांगायचा धीर होत नव्हता त्याला. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं!

भाची : गल्लीला ठाऊक, आणि आईला नाही?

मामा : झालं! आता त्या बाई जन्मात आपल्या दुकानाची पायरी चढायच्या नाहीत.

भाची : मामा, मी परत जाते. आईलाही तसं सांगितलंय. तिथे मी कधी तिथली झाले नाही, म्हणून एवढ्या हौसेने इकडे आले. आणि इथे तोंड उघडलं की काहीतरी फुटतं.

मामा : अगं... लगेच जायची भाषा कशाला? मी आपला रागाच्या भरात बोललो.

भाची : रागाच्या भरात बोललास तेवढंच मला नीट कळलं.

मामा : शू! काचेतून बघ. आल्याच! जा, मागच्या खोलीत जा तू.

(हेडबाई दार ढकलून आत येतात.)

हेडबाई : कुठे पळतेस? उभी राहा तिथेच.

मामा : या, या बाई! बसा. पंखा वाढवू? पोर बाहेर वाढलेली हो, तिला इथलं काही...

हेडबाई : तू गप्प बस. वर्गातही मध्येच बोलायचास.

मामा : हो, बाई.

हेडबाई : मुली, तुला काय वाटलं, मला खोकी दिसत नव्हती? अगं, कपाटं हलकी होत चालली होती. रोज वाटायचं, आज सांगतील. ती दोघंही रोज ठरवत असणार, आज सांगू. मीच विचारायला हवं होतं, पण जीभ रेटेना. आणि जन्मभर मुलांना ‘स्पष्ट बोला’ म्हणून छड्या मारल्या.

मामा : मलाही.

हेडबाई : तुला वेगळ्या कारणासाठी.

भाची : मग आता ते जाणार नाहीत?

हेडबाई : जाणार तर! पण तू गेल्यावर मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. एवढा बाप्या माणूस, ढसाढसा रडला. मग मीच म्हटलं, हॉलमधले पडदे घेऊन जा, तिकडच्या खिडक्या उघड्या दिसतील. चोरासारखी गेली असती, आता सांगून जातायत.

भाची : मला क्षमा करा, बाई.

हेडबाई : कशाबद्दल? हां, संत्री आंबट होती. त्याबद्दल माग हवी तर.

मामा : बाई, ही परत निघालीये. आईकडे. कायमची.

हेडबाई : का गं?

भाची : इथे लोक बोलतात एक आणि म्हणायचं असतं दुसरंच. मला फक्त बोललेलं ऐकू येतं.

हेडबाई : आमच्या घरात न बोललेलंही सगळ्यांना ऐकू येत होतं. काय दिवे लागले? तुझं तू ठरव बाई. मी आग्रह करायची नाही, तू आग्रह खरा धरतेस. आधी माझे डोळे बघ. सकाळपासून सगळं अंधुक दिसतंय. तुझ्या चष्म्यातच खोट आहे.

भाची : इथे बसा. डावा डोळा झाका. समोरची मोठी ओळ वाचा.

हेडबाई : क... म... पुढची अक्षरं पोहतायत.

भाची : चष्मा ठीक आहे, बाई. तुमच्या डोळ्यांत पाणी येतंय. अशाने नंबर बरोबर निघत नाही. उद्या यावं लागेल.

हेडबाई : येईन. पण दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यायची नाही मी. उद्या आहेस ना तू?

मामा : अगं, सांग की...

हेडबाई : तू मध्ये बोलू नकोस.

भाची : आहे, बाई. परवाही आहे.