चार नावांची पत्रिका

शिरूरच्या स्टँडवर दौंडच्या गाडीची वाट बघत होतो. बाकावर शेजारी दोन म्हातारे बसले होते. एकाच्या मांडीवर जाडजूड पुस्तक होतं.

"हौसराव, ह्या वयात काय वाचताय?"

"एका मोबाईलवाल्याचं चरित्र हाय, शंकरराव. नातीनं दिलं. त्याची कंपनी आधी चाळीस प्रकारचे कॉम्प्युटर काढायची. ह्यानं चारच ठेवले, आन् कंपनी वर आली."

"मग तुम्ही काय शिकलात?"

"नातीच्या लग्नपत्रिकेत दोनशे नावं व्हती. म्या चारच ठेवली."

"निमंत्रक?"

"काढले."

"किलबिलीतली पोरं?"

"ती बी काढली. पत्रिका कशी मोकळी दिसत व्हती."

"घरी दाखवली का?"

"दाखवली की. बायकोनं माहेरची नावं शोधली. सापडली न्हाईत, तवा भाकरीऐवजी पत्रिकाच ताटात वाढली."

"पुस्तकात ह्याच्यावर काय उपाय हाय?"

"तवा म्या मधूनच वाचलं व्हतं. मागची पानं आता वाचली, त्यात त्या मोबाईलवाल्याला त्याच्याच कंपनीनं आधी एकदा बाहेर काढलं व्हतं."

"आन् तुम्हाला?"

"मी दौंडला छापखान्यात निघालोय. तिच्या माहेरची चौदा नावं घेऊन."

"म्हंजी माझं पंधरावं?"

"पंधरावं वहिनींचं हाय. तुमचं त्याच्याखाली."