गौरीची कास आणि सोमवारचं तीर्थ

अरे, आमच्या गौरी गाईला दगडी झालेली. कास सुजून टणक, हात लावला की लाथ. गुरांच्या डॉक्टरांनी सडात औषध सोडलं आणि आईला बजावलं, "काकू, पाच दिवस हे दूध कोणाच्या पोटात जाता कामा नये. ओतून टाका."

पण गटारात दूध ओतायला आईचा हात धजेना. सोमवारी तिने देवळात अख्खी बादली शंकराच्या पिंडीवर ओतली. वर मलाच म्हणते, "देवाला कसलं औषध बाधतंय!"

बघतो तर बाजूला डॉक्टरच. डोळे मिटून पिंडीवरून ओघळलेलं ओंजळभर तीर्थ प्यायले.

"काकू, गौरी बरी व्हावी म्हणूनच देवाकडे आलेलो. काय घट्ट तीर्थ आहे हो आज!"

आई शांतपणे म्हणाली, "घ्या अजून. तुमचंच औषध आहे त्यात."