अक्षराच्या डब्यातले जंतू

धाराशिवहून पुण्याला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर दोघी बसल्या होत्या. कॉलेजात शिकणारी अक्षरा आणि वयस्कर सायराबी. नावं त्यांच्याच बोलण्यातून कळली.

"पोरी, मांडीवरचा डबा सारखा उघडून का बघतीस? काय हाय त्यात?"

"जंतू, खाला. आम्ही मुलांनीच लॅबमध्ये तयार केलेत. पुण्यात स्पर्धा आहे. पण बर्फ वितळलाय, पोचेपर्यंत मरतील."

"मरू दे की मग!"

"चांगले आहेत हो. मातीत सोडून युरिया दिला की तिची वीट करतात. भट्टी नको, काही नको. पुढंमागं मंगळावरसुद्धा घरं बांधता येतील."

"युरिया? इथं रांगेत उभं राहून आमाला पोतं मिळंना, मंगळावर कोन देनार?"

"तिथं माणसांच्याच... म्हणजे, लघवीतून काढायचा."

"या अल्ला! एवढ्या लांब जाऊन मुतायचं, आन् त्याचंच घर बांधायचं?"

"हसू नका ना, खाला. दोन वर्षं राबलोय आम्ही."

"बरं बरं, रडू नको. हे घे, माज्या इन्सुलिनच्या डब्यातला निम्मा बर्फ."

"लई उपकार झाले, खाला."

"उपकार ऱ्हाऊ दे. आमच्या ह्यांना ने मंगळावर. एकटे सगळी कॉलनी बांधतील."

तेवढ्यात पलीकडच्या सीटवरून सायराबींचे मालक घाईनं उठले.

"कंडक्टरसाहेब, येडशीला जरा थांबवा हो. दम निघंना आता."

"बघ पोरी, दोन खोल्या वाया चालल्या!"